गावोगावच्या महिला सरपंच आणि सदस्य तायांना खुलं पत्र: पोळ्याला बैलाचा खांदा शेकता, मंग बाईच्या पाठीचं काय?

ताईंनो नमस्कार,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातली बाई. चार एकर कोरडवाहू वावर, दोन लेकरं, आणि सहा वर्षांपासून अकरा बायांच्या बचत गटाची अध्यक्ष. आमची तुरीची छोटी दाल मिल आहे, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं मिनी दाल मिल काढली ना, तीच. हे पत्र खरं तर आमच्या गावच्या सरपंच ताईला लिहायला घेतलं होतं, पण लिहिता लिहिता वाटलं की हे काही एकट्या आमच्या गावाचं नाही, वर्ध्याकडं दिलेली माझी बहीण हेच सांगते, चंद्रपूरकडची जाऊ पण हेच सांगते, म्हणून सगळ्या जणींनाच लिहून राहिले. तुम्ही आमच्यातल्याच आहात आणि सही करायचा पेन तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हालाच.

मागच्या वर्षी ८ मार्चला तालुक्याच्या एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि एक साडी. माईकवर सांगितलं की ह्या ताईंनी तीन वर्षं एकही दिवस सुट्टी न घेता मिल चालवली. टाळ्या वाजल्या, मला पण लय बरं वाटलं, सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. आणि अकराव्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास तुरीचा कट्टा उचलायला वाकले तर डोळ्यापुढं अंधारी आली आणि मी काट्याजवळच पडले. बायांनी ऑटोत टाकून ग्रामीण रुग्णालयात नेलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.८. बारा पाहिजे बाईला, बाराच्या खाली आलं की रक्त कमी समजतात, आणि माझं सात पण नव्हतं. तिथली डॉक्टर पोरगी म्हणे, "मावशी, तुम्ही एवढे दिवस चालत होत्या कशा?"

चालत होते कारण थांबायची पद्धतच नाही ना ताई. चार वर्षांपासून पाळीत अंगावरून जास्त जात होतं, आठ आठ दिवस, कपड्यावर कपडे बदलायचे, मिलमध्ये बदलायला जागा नाही म्हणून त्या दिवसांत सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. थकवा आला की एका खाजगी दवाखान्यात जायचं, ते सलाईन लावायचे, एक लाल इंजेक्शन द्यायचे, पाचशे सहाशे रुपये घ्यायचे, दोन दिवस बरं वाटायचं. रक्त तपासा असं चार वर्षांत तिथं कोणी म्हणलं नाही. उलट एकदा सांगितलं की गर्भाची पिशवी काढून टाका, लेकरं झाली ना तुमची, मंग काय करता ठेवून. मी जवळजवळ तयार झाले होते हो. आमच्या गटातल्या दोघींनी काढलेली, एकीनं तर पस्तिशीच्या आत, आणि तेव्हापासून तिची कंबर धड नाही. २०१९ ला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं प्रकरण गाजलं ते आठवत असेल तुम्हाला, पाळीत कामाचा खाडा पडू नये म्हणून हजारो बायांच्या पिशव्या काढलेल्या, सरकारला समिती नेमावी लागली. आपण म्हणलं ते तिकडं मराठवाड्यात झालं. पण "पिशवी काढली का सुटली" हे वाक्य आपल्याकडच्या धुऱ्यावर पण रोज ऐकू येते. माझी सोनोग्राफी मंग जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात झाली, छोटी गाठ निघाली, गोळ्यांवर भागलं. पिशवी जागेवर आहे. आयर्न सलाईनमधून दिलं, मंग लाल गोळ्या, आणि चार महिन्यांनी आकडा १०.९ वर आला.

त्या चार महिन्यांत मला समजलं की मी आळशी झाले नव्हते, चिडकी झाले नव्हते, माझं डोकं कमी चालत नव्हतं. हिशोबात चुका होत होत्या त्या रक्तामुळं. ग्राहकाशी बोलताना मधेच शब्द हरवायचा ते रक्तामुळं. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका दुकानदाराची दोन क्विंटल डाळीची ऑर्डर मी विसरले, सरळ विसरले, तो माणूस परत कधी आला नाही. त्या गोष्टीसाठी मी स्वतःला किती शिव्या दिल्या असतील. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं की यशस्वी उद्योजिका व्हायचं तर टाइम मॅनेजमेंट करा, पहाटे लवकर उठा, पॉझिटिव्ह राहा. चारला तर मी उठतच होते. तीन दिवसांच्या त्या ट्रेनिंगमध्ये तुझं रक्त किती आहे बाई, हे कोणीच विचारलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे ताईंनो. बाईची तब्येत ही कामातून वेळ उरला तर पाहायची गोष्ट नाही, कामाची सुरुवातच तिथून आहे. वावरात पेरायच्या आधी आपण बियाणं पाहतो, जमीन पाहतो, बैल पाहतो. बाई कोण पाहते?

पोळ्याच्या आदल्या दिवशी काय करतात आपल्या इथं? खांदशेकणी. बैलाला धुऊन आणतात, वर्षभर जू घासून घासून कडक झालेल्या खांद्याला तूप हळद लावून शेकतात, मालक स्वतःच्या हातानं चोळते, आणि कानात सांगते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याच्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. मला हा सण लहानपणापासून आवडते, माझा बाप बैलाचा खांदा शेकताना रडायचा, मी पाहिलं आहे. त्या माणसाला कळत होतं की ह्या खांद्यावर आपलं घर चालू आहे. पण माझ्या मायनं पन्नास वर्षं निंदण केलं, कापूस वेचला, डोक्यावर पाणी वाहिलं, तिची पाठ कोणी शेकली नाही. तिला पण कोणी आवतन द्यायला पाहिजे होतं. मी बापाला दोष नाही देत, त्याच्या ध्यानातच आलं नाही, आणि मायनं कधी म्हणलं नाही. सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या मागून जेवायचं, आणि भाजी उरली नाही तर तिळाच्या चटणीवर भागवायचं, हे तिनं आम्हाला न सांगता शिकवलं, आणि आम्ही पण शिकलो.

आता तुम्ही म्हणाल की ही एकटीची गोष्ट आहे. एकटीची नाही. आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायांची तपासणी केली होती, साडेसहाशे बाया, १९८९ ला ते संशोधन जगातल्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात, लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्यात शंभरातल्या ९२ बायांना अंगावरचं, पाळीचं, आतल्या भागाचं काही ना काही दुखणं निघालं. आणि त्याच्या आधी तशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या अंगावर काढत होत्या. ह्याला पस्तीस वर्षांच्या वर झाली, दवाखाने वाढले, आशा ताई आल्या, लय गोष्टी सुधारल्या हे मी मान्य करते. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांचं रक्त कमी निघालं, आणि त्याच्या आधीच्या पाहणीत ते ४८ होतं. म्हणजे वाढलं. तुमच्या महिला ग्रामसभेत वीस बाया बसल्या असतील तर त्यातल्या दहा अकरा जणी रक्त कमी असलेल्या आहेत असं धरून चाला. तुम्ही स्वतः पण त्यात असू शकता, तपासलं आहे का?

आणि आपल्या भागात सिकलसेल आहे, आईबापाकडून लेकरात येणारा रक्ताचा आजार, हे विसरून चालत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, आमचं यवतमाळ, नागपूर, सगळीकडं आहे. रक्त कमी आहे म्हणून नुसत्या आयर्नच्या गोळ्या खात राहायच्या आणि सिकलसेलची तपासणीच करायची नाही असं नको व्हायला. त्याचं सरकारी मिशन २०२३ पासून चालू आहे, तपासणी फुकट आहे, फक्त गावात कोणीतरी ती लावून धरायला पाहिजे.

गोळ्यांचं पण सांगते, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लाल गोळी चहासोबत घेतली तर अंगाला नीट लागत नाही, आणि आपण तर सकाळ संध्याकाळ चहावरच असतो. जेवणाच्या आधी नंतर तासभर चहा टाळायचा, गोळी लिंबूपाण्यासोबत किंवा आवळ्यासोबत घ्यायची. शौचाला काळं होते, पोट जड होते, त्याला घाबरून निम्म्या बाया गोळ्या कणगीमागं टाकून देतात, मी पण टाकल्या होत्या गरोदरपणात. रात्री जेवून झाल्यावर घेतली तर त्रास कमी होते. आणि आंबाडी, चवळाई, शेवगा, तीळ, जवस हे सगळं खावंच, पण भाजी खाऊन सहा आठचा बारा होत नाही ताई, तिथं डॉक्टरच लागते.

पडल्यानंतर मी एक काम केलं, ते तुम्हाला सांगायचं आहे कारण ह्या पत्राचा जीव त्यात आहे. आमच्या हजेरी रजिस्टरच्या मागच्या पानांवर मी लिहायला लागले की कोणती बाई कोणत्या दिवशी आली नाही आणि का आली नाही. नावं नाही लिहिली, नुसती कारणं. पाळी. कंबर. लघवीची जळजळ. चक्कर. लेकरू आजारी. परत कंबर. परत जळजळ. सासऱ्याला दवाखान्यात नेलं. झोप नाही झाली. तीन महिन्यांत चार पानं भरली. आम्ही मिटिंगमध्ये तासन् तास बोलायचो की माल का कमी निघतो, मोटर जुनी झाली का, तूर ओली आहे का, मार्केटिंग कमी पडते का. आणि ह्या चार पानांत सरळ दिसत होतं की माल कमी निघतो तो बाया पडतात म्हणून. मोटर तर धडधाकट होती.

मंग गटानं बसून ठरवलं. पन्नास किलोचे कट्टे बंद, सगळा माल पंचवीसच्या कट्ट्यात. खाऊन आल्याशिवाय काट्यावर बसायचं नाही, डबा नसेल तर इथं मुठभर फुटाणे गूळ आहे तो खा आणि मंग बस. मंगळवारी बाजाराचा दिवस, त्या दिवशी मिल बंद म्हणजे बंद, मला पण किल्ली मागायची नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी जिला त्रास आहे तिनं बसून निवडायचं काम घ्यायचं, उचलायचं नाही, आणि त्या दिवसाची मजुरी कापायची नाही. ह्याच्यावर लय भांडण झालं बरं का, दोघी तिघी म्हणाल्या की मंग सगळ्याच रोज त्रास आहे म्हणतील. एकीनंही खोटं सांगितलं नाही वर्षभरात. एक म्हातारी बाई आहे गटात, साठीच्या जवळ, ती म्हणे, "मले आजलोक कोनी बस म्हनलं नाही वो, आता बसा म्हनता त मलेच लाज वाटते." ह्या वाक्यानं माझ्या पोटात कालवलं.

ह्या हंगामात डिसेंबर ते फेब्रुवारी आमची एकही ऑर्डर चुकली नाही. आठवड्यातून एक दिवस मिल बंद ठेवून. एवढंच सांगते, बाकी हिशोब कोणाला पाहायचा असेल तर वही उघडी आहे.

पण जे गटाच्या हातात नाही ते तुमच्या हातात आहे, आणि पत्र त्याच्यासाठी आहे.

मिलजवळ संडास बाथरूम नाही. तीन वर्षांत तीनदा अर्ज दिला, दरवेळेस घेऊन ठेवला. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच अकरा बाया लघवी दाबून बसतात, म्हणून पाणी पीत नाहीत, आणि आपला उन्हाळा काय आहे हे मी तुम्हाला सांगायला नको, चंद्रपूर ब्रह्मपुरीकडं पारा ४५ च्या वर जाते, आमच्याकडं पण काही कमी नसते. त्या उन्हात पाणी न पिता काम केल्यावर जळजळ होणारच, मुतखडा होणारच, चक्कर येणारच. आठवडी बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बायांचं पण तेच, बसस्टँडवर पण तेच. कापूस वेचणाऱ्या बाईला निदान तुरीच्या ओळीचा आडोसा सापडते, बाजारातल्या बाईला तो पण नाही. आणि खरं सांगा, तुम्ही स्वतः पंचायत समितीच्या मिटिंगला वीस किलोमीटर जाता तेव्हा घरून निघताना पाणी पिता का? नाही पीत. आमच्या सरपंच ताईनं मला सांगितलं की मिटिंगमध्ये दोन तासांनंतर तिचं लक्ष फक्त घरी कधी जाते ह्याच्यावर असते, आणि मंग लोक म्हणतात ताई काही बोलत नाही, सगळं तिचा नवराच पाहते. ताई, दाबून बसलेल्या माणसाला ठराव वाचता येते का? तुमच्या कामाच्या आड पण हेच येऊन राहिलं आहे, म्हणून म्हणते की हे तुमचं पण दुखणं आहे.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आमच्या गावात तो मागच्या वर्षी रांगोळी स्पर्धेची बक्षिसं, हळदीकुंकवाचं वाण आणि फोटोच्या फ्लेक्सवर गेला. हळदीकुंकू मला आवडते, बाया घराबाहेर पडतात, हसतात, त्याला माझा विरोध नाही. पण ते आम्ही वर्गणी काढून करू ना. तो दहा टक्के बाईच्या अंगाला लागू द्या. वर्षातून दोनदा, एकदा वेचणी सुरू व्हायच्या आधी आणि एकदा उन्हाळ्यात, गावातल्या प्रत्येक बाईचं रक्त तपासलं गेलं पाहिजे, आणि आकडा तिला स्वतःला चिठ्ठीवर लिहून मिळाला पाहिजे, नवऱ्याच्या किंवा आशा ताईच्या वहीत राहून उपयोग नाही. तपासणी सरकारीच आहे, तिशीच्या वरच्या बाईची बीपी, शुगर आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी पण सरकारी केंद्रात फुकट होते. पैसा लागते तो फक्त गाडीला, मांडवाला, आणि पडद्याला. पडदा लय महत्त्वाचा आहे. शाळेच्या वर्गात बाकावर आडवं करून खिडकी उघडी ठेवून तपासणार असाल तर कोणी येणार नाही, आणि नाही आली की तुम्ही म्हणाल बायांनाच पडलेली नाही.

जनऔषधी दुकानात एक रुपयाला एक पॅड मिळते, पण दुकान तालुक्याला. गटानं महिन्याला एकदा ठोक आणून ठेवायचं म्हणलं तर ठेवायला कपाट नाही. एक कपाट द्या.

रोजगार हमीच्या कामावर पाणी, सावली, औषधाची पेटी, आणि सहा वर्षांखालची पाच लेकरं असली की त्यांना पाहायला एक बाई मजुरीवर, हे २००५ च्या कायद्यात लिहिलं त्याला वीस वर्षं झाली. मी स्वतः तळ्याच्या कामावर गेलेली आहे, माझी पोरगी साडीच्या झोळीत बाभळीखाली होती आणि प्रत्येक टोपल्यामागं माझी मान तिकडं वळायची. ज्या बाईचं अर्धं मन झोळीत आहे ती काम काय करणार. तुम्ही त्या साईटवर जाऊन उभ्या राहून एकदा विचारा, सावली कुठं आहे? तुम्ही विचारलं तर होते, आम्ही विचारलं तर उद्यापासून काम नाही.

फवारणीचं थोडक्यात सांगते कारण आमच्या जिल्ह्यानं ते भोगलं आहे. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. बाया फवारत नाहीत म्हणून त्यांचा विचार होत नाही, पण ड्रममध्ये पाणी कोण भरते, औषध कोण कालवते, विषात भिजलेला शर्ट हातानं कोण धुते? हातमोजे वाटताना बायांची जोडी वेगळी धरा.

आणि मनाचं. हे लिहायला हात थांबते पण लिहिते. आमच्या गटात एक ताई आहे, तिच्या मालकानं आठ वर्षांपूर्वी कर्जापायी जीव दिला. तेव्हापासून वावर ती करते, बँक ती पाहते, लेकरं ती शिकवते. सगळे म्हणतात काय खमकी बाई आहे. रात्री दोनला उठून ती अंगणात बसते हे आम्हाला सहा वर्षं माहीत नव्हतं. मंगळवारच्या सुट्टीत एकदा आम्ही सगळ्या तिच्या ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा तिच्या तोंडून निघालं, आणि मंग दोन तास ती बोलत होती, कोणी काही सल्ला दिला नाही, नुसत्या शेंगा फोडत ऐकत राहिलो. १४४१६ हा सरकारी नंबर आहे टेलिमानसचा, फुकट आहे, रात्री पण लागते, मराठीत बोलतात. तिनं तो लावला, मंग जिल्ह्याला डॉक्टरकडं पण गेली, आता झोपते. पॅकिंगचं सगळं काम आज तिच्याकडं आहे आणि तिच्याइतकं चोख कोणाचं नाही. हा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑईलपेंटनं मोठा लिहा, जिथं घरपट्टीची यादी लागते तिथं. आणि बायांना नुसतं बसायला जागा द्या गावात. पुरुषांना पार आहे, पानठेला आहे, मारुतीचा ओटा आहे. बाई कारणाशिवाय बसलेली दिसली की लोक विचारतात, काम नाही का आज?

वेळेचा हिशोब सरकारनंच केला आहे. २०२४ च्या पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, आणि जो पुरुष ते काम करते त्याचे ८८. पावणेपाच तासाच्या वर घरचं काम करून मंग ती मिलवर येते, वेचणीला जाते, तुमच्या मिटिंगला येते. म्हणून हात जोडून सांगते, बायांची मिटिंग संध्याकाळी सहाला नका ठेवू, ती सैपाकाची वेळ आहे, जिची सासू चांगली तीच येते फक्त. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची हे कायद्यात आहे, ती खरी घ्या. घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या आणायच्या आणि सभा झाली म्हणून लिहायचं, हे आमच्या गावात दोनदा झालं. एक सही माझी पण आहे त्यात, सैपाक करता करता पिठाच्या हातानं केलेली. आता नाही करणार.

आपल्या स्वतःकडं पण थोडं पाहू या. लाडक्या बहिणीचे दीड हजार २०२४ पासून येतात, त्यातला शंभर रुपया तरी कोणी स्वतःच्या तपासणीला, स्वतःच्या चष्म्याला, स्वतःच्या चपलेला लावला का? मी नव्हता लावला, खतात गेला, फीमध्ये गेला. घरी मी बसायला लागले तेव्हा पहिले पंधरा दिवस मलाच चोरी केल्यासारखं वाटत होतं. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "बरं नाही का आज?" म्हणलं, "बरं आहे, म्हणूनच बसली." त्यांना ते समजायला टाइम लागला. आता रात्रीची भांडी पोरगा घासते, पहिले आठ दिवस तोंड पाडून घासत होता, आता रेडिओ लावून घासते. आणि सासूबाईंनी मागच्या महिन्यात स्वतःहून म्हणलं, "सूनबाई, माह्यंबी रक्त तपासून आन वो एकदा." सत्तरीतली बाई. तिचं ८.२ निघालं. आता आम्ही दोघी रात्री जेवल्यावर लिंबूपाणी करून सोबत गोळी घेतो.

५० टक्के जागा आपल्याला २०११ पासून आहेत ताई. म्हणजे गावाच्या प्रत्येक दोन खुर्च्यांतली एक आपली. त्या खुर्चीवर बसलेल्या बाईला पाळी माहीत आहे, लघवी दाबणं माहीत आहे, उभ्यानं जेवणं माहीत आहे. साहेबाला हे समजवून सांगावं लागते, तुम्हाला नाही. म्हणून तुमच्याकडं जास्त हक्कानं मागते, आणि तुमच्याकडून नाही ऐकायला मिळालं तर जास्त लागते पण.

१ मेच्या ग्रामसभेच्या आधी आमच्या गावची महिला सभा आहे. मी सरपंच ताईला सांगून ठेवलं आहे की दुपारी दोनची वेळ ठेवा आणि तीन विषय घ्या, मिलचा संडास, रक्त तपासणीचा कॅम्प आणि तो दहा टक्के. रजिस्टरची ती चार पानं मी झेरॉक्स करून आणणार आहे, कारणांची, नावं झाकून. तुमच्या गावात पण एखाद्या गटाच्या अध्यक्षाला सांगून तीन महिने अशी पानं लिहून घ्या. आमचे रकाने पाहायला यायचं असेल तर या, मंगळवार सोडून कधी पण. मंगळवारी मिल बंद असते.

तुमचीच,
दाल मिलवाली एक बहीण
जिल्हा यवतमाळ